होरीचे खाते : ‘गोदान’ वाचताना



या व्याख्यानमालेत कोणत्या विषयावर बोलाल, असे विद्यालयाच्या चालकांनी विचारले तेव्हा मी फारसा विचार न करता प्रेमचंदांच्या ‘गोदान’चे नाव सांगितले. मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानात हिंदी कादंबरी कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती गैर नाही. परंतु ही शाळा इंदुरात आहे. घरात मराठी आणि ओटा उतरताच हिंदी, ही आपली कित्येक पिढ्यांची रीत आहे. १९१८ साली आणि पुन्हा १९३५ साली हिंदी साहित्य संमेलन याच नगरीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरले. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गुरुजी मराठीचे अध्यापक. पण ‘शेतकरी’ या विषयावर निबंध लिहावयाचा असेल तर आधी ‘गोदान’ वाचा, मग लेखणी उचला, असे ते वरच्या वर्गाला बजावीत असत. त्यांच्या सांगण्यावरून ती कादंबरी मी प्रथम वाचली आणि त्यानंतर दर आठ-दहा वर्षांनी वाचीत आलो. प्रत्येक वाचनात ती मला निराळी वाटली. त्यांतल्या अलीकडच्या वाचनात जे जाणवले तेवढेच आज सांगणार आहे.

‘गोदान’ १९३६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला प्रेमचंद निवर्तले. बनारसजवळच्या लमही गावी १८८० साली जन्मलेल्या धनपतरायांचे हे शेवटचे पूर्ण झालेले पुस्तक. यातील काही लेखन त्यांनी मुंबईत केले. १९३४ साली अजंटा सिनेटोन या कंपनीसाठी चित्रपटकथा लिहिण्यास ते तेथे गेले होते. गेले ते मुख्यतः पैशासाठी. कारण त्यांचा छापखाना आणि ‘हंस’ मासिक तोट्यात चालले होते. ते जग त्यांना मानवले नाही आणि पुढच्याच वर्षी ते परतले. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा लिहिणारा हा लेखक स्वतःही देणेकऱ्यांच्या तगाद्याशी परिचित होता. यातून मी फार मोठा अर्थ काढू इच्छीत नाही. परंतु रुपये, आणे आणि व्याज यांचे एवढे नेमके भान ज्या पुस्तकात आहे ते केवळ सहानुभूतीने लिहिलेले नसावे, असे मला वाटते.

कथानक आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. अवध प्रांतातल्या बेलारी गावचा होरी महतो, त्याची पत्नी धनिया, मुलगा गोबर, मुली सोना आणि रूपा. सहा मुलांपैकी ही तीन जगली. बाकीची औषधावाचून गेली, ही सल धनियाच्या मनात पहिल्या प्रकरणापासून आहे. होरीची एकच इच्छा: दारात गाय असावी. भोला नावाच्या गवळ्याकडून तो ऐंशी रुपयांना उधारीवर गाय घेतो. दारात आलेल्या त्या गाईला त्याचा सख्खा भाऊ हीरा मत्सरापोटी विष घालतो आणि परागंदा होतो. पुढे गोबरचे भोलाच्या विधवा मुलीशी, झुनियाशी सूत जुळते. ती गरोदर राहते. गोबर तिला घराच्या वाटेला लावून स्वतः लखनौला पळतो आणि होरी-धनिया तिला आसरा देतात. येथून घराची जी घसरण सुरू होते ती शेवटच्या पानापर्यंत थांबत नाही.

आता होरीचे खाते पाहू. मी अलंकारिक बोलत नाही; ‘गोदान’ शब्दशः खातेवहीसारखे वाचता येते. झुनियाला घरात घेतल्याबद्दल गावचे पंच होरीला शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य असा दंड करतात. खळ्यावरचे धान्य होरी स्वतःच्या डोक्यावरून वाहून पंचांकडे पोहोचवतो. रोख रकमेपैकी वीस रुपये उरल्यासुरल्या पिकातून उभे राहतात. उरलेल्या ऐंशीसाठी राहते घर झिंगुरीसिंहाकडे गहाण पडते. ऐंशी हाच आकडा गाईच्या किमतीचाही होता. प्रेमचंदांनी हे जाणून केले की सहज घडले, हे मी सांगू शकत नाही. पण एकदा लक्षात आल्यावर तो आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. गाईच्या पैशासाठी भोला बैलांची जोडी सोडून नेतो. बैल नाहीत म्हणून दुसऱ्याच्या भागीत राबावे लागते. ऊस विकून एकशे वीस रुपये हाती येतात तर झिंगुरीसिंह आपले पैसे व्याजासह कापून पंचवीसच्या आसपास रुपये हातावर ठेवतो, आणि ते पंचवीसही नोखेराम कारकून वाटेतच काढून घेतो. वर्षाचे पीक विकून माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. या साऱ्यात कोणी दरोडा घातलेला नाही. प्रत्येकाने आपले ‘येणे’ तेवढे घेतले आहे.

याच हिशेबाचा आणखी एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पंडित दातादीनाने कधीकाळी बैलासाठी होरीला तीस रुपये दिलेले असतात. आठ-नऊ वर्षांत त्यांचे दोनशे झाले, असे तो सांगतो. शहरात राहून परतलेला गोबर खापरीच्या तुकड्याने जमिनीवर हिशेब मांडतो: शेकडा एक रुपया दराने पुरती दहा वर्षे धरली तरी व्याज छत्तीस रुपये, मुद्दल धरून सहासष्ट. सत्तर घ्या आणि मोकळे व्हा. गणित निर्विवाद आहे. आमच्या पाचवी-सहावीच्या सरळव्याजाच्या उदाहरणात बसणारे. दातादीन गणिताला गणिताने उत्तर देत नाही. मी ब्राह्मण आहे, माझे पूर्ण दोनशे तुम्ही मला आणून द्याल, एवढेच बजावून तो उठतो. आणि होरी धावत जाऊन त्याचे पाय धरतो आणि सगळे फेडीन म्हणतो. मुलाचे गणित बापाला कळत नाही असे नाही. पण ब्राह्मणाचा पैसा बुडवला तर तो अंगातून फुटून निघतो, हे त्याला गणितापेक्षा अधिक खरे वाटते.

होळीच्या दिवशी गोबर आणि गावची पोरे सावकाराचे सोंग काढतात. दहा रुपयांचा दस्तऐवज लिहून घेऊन ठाकूर हातावर पाचच ठेवतो. एक नजराण्याचा, एक लिखाईचा, एक कागदाचा, एक दस्तुरीचा आणि एक व्याजाचा आधीच कापून घेतलेला. त्यावर कुळ म्हणते, हे पाचही आपणच ठेवा. दोन्ही ठकुराइणींना नजराणा आणि पानसुपारी म्हणून चार, आणि उरला एक तो आपल्या क्रियाकर्मासाठी. सारे गाव पोट धरून हसते. आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या उठावामुळे सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. बेलारीत रोखे जळत नाहीत. तेथे फक्त सोंग निघते. आणि त्या सोंगाची किंमतही पुढे होरीलाच मोजावी लागते.

मला जे सांगावयाचे आहे ते असे की ‘गोदान’मध्ये खलनायक नाही. जमीनदार रायसाहेब अमरपालसिंह सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले आहेत. आरंभीच ते होरीपुढे आपल्या वर्गाच्या ऐतखाऊपणाची कठोर निर्भर्त्सना करतात, आणि ती ढोंगी नाही. तेवढ्यात चपराशी येऊन सांगतो की वेठीला धरलेली माणसे खायला मिळाल्याशिवाय काम करीत नाहीत. रायसाहेबांच्या कपाळाला आठी पडते आणि ते त्यांना सरळ करावयास निघतात. होरी तेथेच बसलेला असतो. तो विचारात पडतो, पण रागावत नाही. मालक मोठ्या मनाचा आहे, हे त्याचे मत कायम राहते. दातादीन, पटेश्वरी पटवारी, झिंगुरीसिंह, मंगरू साह, दुलारी सहुआइन यांपैकी एकही माणूस आपण पाप करीत आहोत असे समजत नाही. सगळे नियमाने घेतात. आणि नियम पाळणाऱ्यांत सर्वांत कडक कोणी असेल तर तो स्वतः होरी.

हे विधान मी एवढ्या आग्रहाने का करतो, याला घरगुती कारण आहे. माळव्यात आपले पूर्वज आले ते बहुतांशी फौजेबरोबर आणि फडाबरोबर. शिलेदार, कमाविसदार, फडणीस, कारकून. म्हणजे जमीन कसणारे थोडे आणि जमिनीचा हिशेब ठेवणारे पुष्कळ. माझे आजोबा होळकर सरकारच्या एका कचेरीत कारकून होते आणि देपालपूर परगण्यात त्यांची थोडी जमीन कुळाकडे होती. लाल कापडी बांधणीची त्यांची एक खतावणी आमच्या माळ्यावर होती. मला मोडी येत नाही. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध सेवानिवृत्त गृहस्थांनी ती माझ्यासाठी चार-पाच दुपारी बसून वाचली. एका कुळाचे खाते तेरा-चौदा वर्षे चाललेले होते. बियाण्याचा गहू सवाईने, बैलासाठी रोख, मुलीच्या लग्नासाठी रोख, बापाच्या दिवसांसाठी रोख. दरसाल सुगीनंतर ‘जमा’कडे काहीतरी आहे, आणि दरसाल ‘मागील बाकी’ आदल्या सालापेक्षा थोडी जास्त आहे.

माझे आजोबा सज्जन होते. ही नातवाची भक्ती नव्हे. मोहल्ल्यात तशी त्यांची ख्याती होती. त्या खतावणीत एका पैचीही लबाडी नाही. एके साली पाऊस पडला नाही तेव्हा व्याज सोडल्याची नोंद आहे. अक्षर मोत्यासारखे. आणि तरीही ते पान ऐकताना मला पटेश्वरी आणि नोखेराम आठवले. ‘गोदान’ वाचताना आपण होरीच्या बाजूला बसलो आहोत, असे आपण सहज गृहीत धरतो. माझ्या घरची वही त्या बाजूची नव्हती. व्याज दातादीनाचे असो की माझ्या आजोबांचे, दर निराळा असेल, परंतु सुगीनंतर कुळाच्या घरात काय उरते या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आले. शेवटच्या नोंदीनंतर त्या खात्याचे पान कोरे आहे.

यालाच जोडून एक गोष्ट सांगतो; ती मराठी श्रोत्यांना ठाऊक असावी अशी आहे. प्रेमचंदांनी ज्या अवधचे चित्र काढले तेथे कादंबरीच्या आधी पंधरा-सोळा वर्षे शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले होते. त्याचे एक पुढारी बाबा रामचंद्र. यांचे मूळ नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर, जन्म ग्वाल्हेर संस्थानातला आणि घराणे मराठी. गिरमिटिया मजूर म्हणून ते फिजीला गेले. तेथून परतल्यावर फैजाबादेकडे राहून तुलसी-रामायण गात गावोगाव फिरले आणि १९२० साली प्रतापगढच्या कुळांना त्यांनी बेदखली, वेठ आणि नजराणा यांविरुद्ध उभे केले. १८८६ च्या अवध कायद्याने कुळाला सात वर्षांचा पट्टा मिळे आणि मुदत संपली की नजराण्यासाठी अडवणूक होई. १९२१ च्या दुरुस्तीने कुळाला हयातीपुरता हक्क मिळाला. हा हक्कही थकबाकीपुढे टिकत नसे. कादंबरीच्या अखेरीस होरीवर तीन वर्षांच्या थकलेल्या लगानापायी बेदखलीचा दावा येतो तो यामुळे. आमच्यातूनच एक मनुष्य कारकुनाच्या वहीपलीकडे जाऊन कुळांच्या रांगेत बसला होता, हे कळल्यावर मला बरे वाटले, एवढे नमूद करतो. (उत्तर प्रदेशातील जमीनदारी कायद्याने संपली ती १९५२ साली.)

होरीच्या तोंडी ‘मरजाद’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मर्यादा, अब्रू, कुळाची रीत, बिरादरीतील स्थान असे सर्व अर्थ त्यात मिसळलेले आहेत. शिकलेले वाचक येथे पटकन निकाल देतात की होरी अंधश्रद्ध होता, पंचांना झुगारले असते तर वाचला असता. प्रथम वाचनात मलाही तसे वाटले असेल. परंतु पुस्तक नीट पाहिले तर होरीचा चांगुलपणाही त्याच मरजादीतून आलेला दिसतो. हीराने गाय मारली हे ठाऊक असून तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ वाहतो, कारण भावाच्या घराची झडती म्हणजे आपलीच बेअब्रू. हीरा पळाल्यावर त्याच्या बायकोचे शेत हा आधी नांगरतो, आपले मागे राहते. झुनियाला दारातून हाकलत नाही. ज्या मुळातून ही माणुसकी उगवते त्याच मुळातून पंचांपुढची शरणागती उगवते. एक उपटून दुसरे ठेवण्याची सोय प्रेमचंद वाचकाला देत नाहीत. बेदखली टाळण्यासाठी होरी धाकट्या रूपाचे लग्न आपल्याहून दोन-चार वर्षांनीच लहान असलेल्या रामसेवकाशी लावतो आणि त्याच्याकडून दोनशे रुपये घेतो. फेडायचे म्हणून घेतो. तरी ते घेताना त्याची मान वर होत नाही. जमीन वाचविण्यासाठी मरजाद विकावी लागली, त्या दिवशी त्याच्या खात्यात खरोखर काहीच उरले नाही.

शहरातील भागाविषयी चार शब्द. प्राध्यापक मेहता, डॉक्टर मालती, गिरणीमालक खन्ना, ‘बिजली’चे संपादक ओंकारनाथ ही मंडळी कादंबरीचा बराच भाग व्यापतात. शिकारीचे प्रकरण लांबले आहे, आणि मेहतांची स्त्रीधर्मावरील भाषणे आज वाचवत नाहीत, असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु हा भाग गाळून ‘गोदान’ची बालावृत्ती काढू नये. बेलारीचा ऊस जेथे जातो ते साखरेचे जग आणि गोबर जेथे मजुरी करतो ती गिरणी, ही त्याच भागात आहेत. रायसाहेबही वर कोणाचे तरी कर्जदार आहेत, हे तेथेच कळते.

मराठीत शेती आणि गाव यांचा संसार खोलात जाऊन सांगणाऱ्या कादंबऱ्या पुढे झाल्या. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) यंत्र आल्यावर गुराढोरांसह उखडला जाणारा गडी आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यात शिकलेला मुलगा शेतावर परत येतो आणि तरी हिशेब जुळत नाही. सावकाराच्या जागी बँक आली, पटवाऱ्याच्या जागी बाजारभाव आला. ‘गोदान’ वाचून मग ‘बारोमास’ वाचावे. गोबरने खापरीने मांडलेले गणित तेथे पदवीधराच्या हाती आलेले दिसते.

आता शेवटचा प्रसंग. त्यासाठी ‘गोदान’ या शब्दाचा विधी ध्यानात घ्यावा लागतो. मरणासन्न माणसाने वैतरणी तरून जावी म्हणून त्याच्या हातून ब्राह्मणास गाय देतात. आपल्याकडे यालाच गोप्रदान म्हणतात, आणि गाय देण्याची ऐपत नसेल तर तिच्याऐवजी द्रव्य देतात. त्याला निष्क्रय असा शब्द आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंतचे धर्मविधी शेतकऱ्याला कसे पोखरतात हे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच दाखवून दिले होते. त्यांची भाषा संतापाची आहे. प्रेमचंद येथे संतापत नाहीत. ते फक्त रक्कम सांगतात.

नातू मंगल याला दूध मिळावे म्हणून होरीला पुन्हा गाय घ्यावयाची आहे. त्यासाठी तो रस्त्याच्या ठेकेदाराकडे आठ आणे रोजावर भर उन्हात कंकर खणतो आणि रात्री धनियासह सुतळी वळतो. त्या दराने ऐंशी रुपयांची गाय म्हणजे एकशे साठ दिवसांची मजुरी. तिकडे सासरी सुखात असलेली रूपा एका अहिराबरोबर वडिलांकडे गाय पाठवते, पण अखेरच्या घटकेला घरात गाय नाही. होरीला ऊन बाधते. तो घरी आणला जातो. आता गोदान करा, असे धनियाला रडत सांगतो तो हीरा. ज्याने याच घरच्या गाईला विष घातले होते आणि जो परागंदा होऊन नुकताच परतला आहे. धनिया यंत्रासारखी उठते. त्या दिवशी विकलेल्या सुतळीचे वीस आणे घरात असतात. ते ती नवऱ्याच्या थंड हातावर ठेवते आणि समोर उभ्या असलेल्या दातादीनाला सांगते की घरात गाय नाही, वासरू नाही, पैसा नाही. आहे ते एवढेच, हेच यांचे गोदान.

वीस आणे म्हणजे सव्वा रुपया; गाईच्या किमतीचा चौसष्टावा भाग. लाचेसाठी काढलेले पैसे दरोग्यासमोर उधळणारी, पंचांना भर चावडीत सुनावणारी, खळ्यावरचे धान्य वाहून नेणाऱ्या नवऱ्याला अडवणारी धनियाच होती. साऱ्या कादंबरीत एका कर्जावर तिचा अंगठा नाही, एका दस्तऐवजात तिचे नाव नाही. होरीच्या खात्यावरची शेवटची रक्कम मात्र तिच्या हातून जमा होते, घेणारा तोच दातादीन असतो, आणि ती देऊन धनिया बेशुद्ध होऊन खाली पडते.